बाईंनी खुर्ची दिली होती

मागच्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री आमच्या घरी एक छोटंसं संमेलनच भरलं. ठरवलेलं काहीच नव्हतं. मुलगा, सून आणि नात पुण्याहून आले होते. शेजारचे, तहसीलमधून निवृत्त झालेले भाऊजी सपत्नीक फराळाला आले. गल्लीच्या टोकाचे एस.टी.तले काकाजी आपण होऊन आले. (त्यांना बोलवावं लागत नाही, चकलीचा वास पुरतो!) आणि आमचे हे तर घरचेच.

फराळ सुरू होता तेवढ्यात नात म्हणाली, "आजी, आज आपण टीव्हीवर फक्त ऑफिसच्या कॉमेडी बघायच्या. तुमच्या वेळच्या आणि आमच्या वेळच्या. बघू कोण किती हसतं ते."

कल्पना सगळ्यांना आवडली. पण नेमकं तेव्हाच इंटरनेट गेलं. धामणगावात पाडव्याच्या रात्री दुरुस्तीला कोण येणार? तरी मी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. दत्तापुरात त्याचं विजेच्या सामानाचं लहानसं दुकान आहे. पंखा, मोटार, डिश, फायबर, सगळं बघतो. "पाच मिन्टात आलो बाई," म्हणाला आणि खरंच आला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. कारण पुढे कळेलच.

वायर उंदरानं कुरतडली होती. दहा मिनिटांत त्यानं जोड मारून दिला. पैसे काही घेईना. मी म्हटलं, "मग फराळ तरी कर, आणि बस थोडा वेळ आमच्यासोबत." सूनबाईनं ताट आणून दिलं. सोफ्यावर जागा होती, तरी तो दाराजवळच्या स्टुलावर बसला.

आमच्या पिढीनं टीव्ही एकट्यानं कधी पाहिलाच नाही. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' लागायची तेव्हा आमच्या गल्लीत मोजके दोन टीव्ही होते. त्यातला एक आमच्याकडे. मालिकेच्या वेळी सतरंजी अंथरावी लागायची. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेला तो साधा कारकून वागळे, अंजन श्रीवास्तवांनी उभा केलेला, आम्हाला आपल्या घरातलाच वाटायचा. तो बसला धावत पकडायचा आणि इकडे सतरंजीवरचे पंधरा जण एकदम हसायचे. तेव्हा कोण कशाला हसतं, हे बघायचं मला कधी सुचलं नाही. परवाच्या रात्री मात्र सुचलं. शिक्षकाची खोड, दुसरं काय! फळ्याकडे पाठ करून वर्गाकडे बघायची सवय जाता जात नाही.

पहिला मान माझा. मी 'ज़बान संभाल के' लावायला सांगितलं. १९९३ ची ही मालिका 'माइंड युवर लँग्वेज' या इंग्रजी मालिकेवरून बेतलेली होती. पंकज कपूर भाषेचे मास्तर, आणि वर्गात देशोदेशीचे, प्रांतोप्रांतीचे विद्यार्थी. कुणाचं लिंग चुकतं, कुणाचं वचन चुकतं, कुणी वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेतं. मी पदर तोंडाला लावून हसत होते. आयुष्यभर मराठीच शिकवलं ना! आमच्या वर्गातही घरची वऱ्हाडी आणि पुस्तकातली मराठी यांची रोज अशीच गंमत व्हायची. "मी आलतो बाई, पण तुमी नोहत्या" असं एखादा म्हणायचा, आणि मी त्याला आधी 'आलो होतो' म्हणायला लावायची, मग कशाला आला होता ते विचारायची. बाकीची मंडळी बेताचीच हसली. काकाजी म्हणाले, "मास्तरलोकायचं ठीक आहे, यात ऑफिस कुठी आलं?" मला जरा राग आला. शाळा म्हणजे ऑफिस नव्हे, असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही नोकरीची इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

मग नातीची पाळी. तिनं अमेरिकेचं 'द ऑफिस' लावलं. हे मूळचं ब्रिटिश, २००१ चं. अमेरिकेत २००५ पासून २०१३ पर्यंत नऊ पर्व चाललं. आपल्याकडे हिंदीतही २०१९ साली आलं होतं म्हणे. कागद विकणाऱ्या एका कंपनीची शाखा, आणि जणू कुणी माहितीपट काढतंय अशा थाटात कॅमेरा फिरतोय. साहेबाला वाटतं आपण फार विनोदी, फार लोकप्रिय. कर्मचारी कॅमेऱ्याकडे नुसते बघतात.

नात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आम्ही म्हातारे मात्र ढिम्म. मुलगा म्हणाला, "यात हसायचं कुठे गं?" ती म्हणाली, "बाबा, हसायचं कुठे ते यात सांगत नाहीत. मागे हसण्याचे आवाज नसतात. आपणच शोधायचं." आणि मग एकदम गप्प होऊन म्हणाली, "आमचा मॅनेजर अस्साच आहे. दुपारी वाढदिवसाचा केक कापतो आणि रात्री अकराला मेल टाकतो." तिच्या हसण्यात थोडं रडणंही होतं, ते मला तेव्हा कळलं.

तहसीलवाले भाऊजी बराच वेळ निरखून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "पण काय गं बेटा, या ऑफिसात कोणी कामासाठी येतच नाही का? लोक कुठी आहेत?"

मला हा प्रश्न फार आवडला. खरंच की! त्या ऑफिसात छळ होतो तो कर्मचाऱ्यांचा, आणि छळणारा साहेब. टेबलाच्या पलीकडे कुणी उभंच नाही. आपल्याकडच्या ऑफिसच्या विनोदात मात्र पलीकडे कुणीतरी उभं असतंच. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद, कागदांच्या झेरॉक्स. साहेब आणि बाबू एकमेकांशी काहीही करोत, विनोद घडतो तो त्या उभ्या माणसाच्या जिवावर.

हे इतका वेळ शांत होते. ते रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. ते एकदम म्हणाले, "मला तर नोकरीभर लोक दिसलेच नाहीत. खिडकीच्या त्या भोकातून फक्त हात दिसायचे. पैसे धरलेले हात. त्या पुठ्ठ्याच्या तिकिटावर तारीख दाबायची आणि हातावर ठेवायचं. कोणाचा हात ते कधी वाकून पाहिलं नाही." कुणी काही बोललं नाही. काकाजींनी आणखी एक करंजी घेतली.

आणि मग सगळ्यांच्या आग्रहावरून 'ऑफिस ऑफिस'.

ज्यांनी ही मालिका पाहिली नसेल (असं कुणी असेल असं वाटत नाही!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००१ साली सब टीव्हीवर आलेली ही मालिका. पंकज कपूर म्हणजे मुसद्दीलाल, एक साधासुधा माणूस. प्रत्येक भागात त्याचं एखादं साधं काम असतं आणि त्यासाठी तो एका कचेरीत जातो. कचेरी दर वेळी वेगळी, पण टेबलामागची माणसं तीच. खाण्यात दंग भाटिया, तोंडात पान धरलेला शुक्ला, प्रत्येक गोष्टीत 'दो बातें' काढणारा पटेल, पांडेजी, आणि आपल्या आसावरी जोशींनी केलेल्या उषाजी. दवाखाना असो, बँक असो की वीज कार्यालय, चेहरे तेच. या मालिकेची खरी गंमत हीच, असं मला वाटतं. माणसाला कुठल्याही दारात गेलं तरी तेच पाच चेहरे भेटतात, हे ज्याला सुचलं त्यानं कधीतरी खूप चकरा मारल्या असणार.

आणखी एक गंमत बघा. १९९३ साली जो पंकज कपूर टेबलाच्या आत मास्तर म्हणून होता, तोच २००१ साली टेबलाच्या बाहेर हात जोडून उभा! दोन्ही मालिकांचे दिग्दर्शकही एकच, राजीव मेहरा. आणि २०११ साली याच मालिकेवरून सिनेमा निघाला, त्यात तर मुसद्दीलाल निवृत्त शिक्षकच आहे. पेन्शनच्या कागदांत त्याला मृत ठरवलेलं, आणि आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी बिचाऱ्याची वणवण.

आता मात्र घर दणाणलं. भाऊजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "हा शुक्ला म्हणजे आमचा तो पुरवठ्यातला! सेम टू सेम!" काकाजी म्हणाले, "आमच्या डेपोत दोन भाटिया होते, एक सकाळपाळीले, एक रातपाळीले." यांनाही आपला कुणी पार्सल ऑफिसातला पटेल आठवला. मुलाला त्याच्या कंपनीतला पांडेजी सापडला. जो तो ओळखपरेड करत होता. मी बघत होते. प्रत्येकाला आपला शेजारच्या टेबलावरचा दिसत होता. स्वतःचं टेबल कुणालाच दिसत नव्हतं. आणि घरी सोफ्यावर बसलेले आम्ही सगळे, ज्यांनी मिळून दीडेकशे वर्षं टेबलामागे काढली असतील, सगळे मनानं मुसद्दीलालच्याच बाजूला उभे होतो.

मला तर अगदी चेव आला. मी माझ्या पेन्शनची कथा सांगायला घेतली. घरच्यांना ती पाठ आहे, पण ऐकणारे नवे होते.

२००८ साली मी अठ्ठावन्न वर्षांची झाले, सेवानिवृत्त झाले. नारळ, शाल, फोटो, सगळं झालं. पेन्शन मात्र सुरू होईना. का? तर सेवापुस्तकात १९७९ च्या एका महिन्याची नोंद नव्हती. पाठवलेला कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जायचा आणि नवी शंका घेऊन परत यायचा. पंधरावीस चकरा झाल्या असतील. प्रत्येक वेळी मंडळी फार गोड बोलायची. "या मॅडम, बसा मॅडम, चहा घ्या मॅडम. तुमचंच काम पुढे आहे मॅडम." एके दिवशी तिथला एक तरुण कर्मचारी म्हणाला, "त्या महिन्यात तुम्ही नोकरीत होत्या याचा काही पुरावा आहे का?" मी म्हटलं, "आहे ना! तुमचे वडील. त्या वर्षी माझ्याच वर्गात होते, आणि तेव्हाही त्यांचा गृहपाठ पूर्ण नसायचा!"

सगळे खो खो हसले. माझा हा संवाद दर वेळी टाळी घेतो. (खरं सांगायचं तर तसं मी थोडं पुटपुटले होते, इतकं ठसक्यात काही बोलले नव्हते. असो.) चौदा महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. मग मी आझमगढच्या लाल बिहारींची गोष्ट सांगितली. उत्तर प्रदेशातल्या या शेतकऱ्याला १९७५ च्या सुमारास कागदोपत्री मेलेला दाखवलं. १९९४ साली तो पुन्हा कागदावर जिवंत झाला. दरम्यान त्यानं नावापुढे 'मृतक' लावलं आणि आपल्यासारख्यांचा मृतक संघ काढला. २०२१ साली त्याच्यावर 'कागज' नावाचा सिनेमा आला. मी म्हटलं, "तेव्हा मंडळी, आपण नशीबवान. आपल्याला फक्त बसवून ठेवलं, मारलं नाही!"

पुन्हा हशा. तेवढ्यात दाराजवळच्या स्टुलावरून आवाज आला.

"बाई, माह्या बापाच्याबी अशाच तीन चकरा झाल्या होत्या. टी.सी.साठी."

तो हसतच सांगत होता. सगळे आपापली गोष्ट सांगत होते, त्यात त्याचीही एक.

"कोनत्या शाळेत रे?" भाऊजींनी विचारलं.

"आपल्याच." मग त्याच्या लक्षात आलं असावं. घाईघाईनं म्हणाला, "नाई नाई, बाईचं काई नाई त्याच्यात. बाई तं गंज चांगल्या बोलल्या. बाबा घरी येऊन सांगे, बाईनं बसाले खुर्ची देल्ली, पानी पाजलं. त्याले त्याचं भल्लं वाटलं होतं. लय दिवस सांगे मानसायले, शाळेतल्या बाईनं मले खुर्ची देल्ली म्हून."

टीव्हीवर उषाजी मान डोलावून "वही तो!" म्हणत होत्या. नातीनं रिमोट घेऊन आवाज बंद केला.

मला आधी काहीच आठवेना. मग हळूहळू सगळं आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

१९९४ चा जुलै. मुख्याध्यापक रजेवर होते आणि ज्येष्ठतेनुसार प्रभार माझ्याकडे होता. हा मुलगा दहावी झालेला. गुण बेताचे, पण हातात कसब होतं. शाळेची बिघडलेली घंटा यानंच जोडून दिली होती. त्याला आयटीआयला वायरमनच्या ट्रेडला प्रवेश मिळत होता. ठराविक तारखेच्या आत टी.सी. हवी होती.

त्याचे वडील वर्धा नदीकाठच्या एका गावाहून बसनं आले. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. पेरणीचे दिवस होते. पाऊस पडून वावराला वाफसा आला होता. अशा दिवसांत वावर सोडून तालुक्याला येणं म्हणजे काय, हे आता शेतकऱ्याच्या घरच्यांनाच कळेल. मी त्यांना ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, शिपायाला पाणी आणायला सांगितलं. आमचे बाबू म्हणाले, "लायब्ररीचं एक पुस्तक बाकी आहे. ग्रंथपाल प्रशिक्षणाला गेलेत. ते आल्याशिवाय नो ड्यूज कसं देणार?" मी म्हटलं, "हो, तेही बरोबर आहे." वडिलांना म्हटलं, "भाऊ, सोमवारी या."

ते सोमवारी आले. पुस्तक जमा झालं होतं. या वेळी दाखल-खारीज रजिस्टर तपासणीला गेलेलं होतं. बाबू म्हणाले, "जन्मतारीख रजिस्टरवरूनच लिहावी लागते. उद्या काही झालं तर?" मी म्हटलं, "हो ना. नियमच आहे तसा." पुन्हा खुर्ची, पुन्हा पाणी.

तिसऱ्या वेळी टी.सी. मिळाली. पण प्रवेशाची तारीख आदल्या दिवशी संपली होती.

आता खरी गोष्ट लिहिते. ती त्या रात्रीही मी कुणाला सांगितली नाही. कोऱ्या टी.सी.चं पुस्तक माझ्या कपाटात होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. पुस्तकाचे पैसे भरून घेऊन तिथल्या तिथे ती बाकी मिटवता आली असती. जन्मतारीख दहावीच्या कागदपत्रांवर छापलेलीच होती. रजिस्टर कुणाकडे आहे ते माहीत होतं, शिपायाला सायकलवर पाठवलं असतं तर अर्ध्या तासात पडताळून आला असता. सहीला अर्धं मिनिट लागतं. मग मी का नाही केलं?

कारण बाबूंना राग आला असता. आमची पगारबिलं तेच करायचे. वेतनवाढीच्या नोंदी, रजेचे हिशोब, भविष्य निर्वाह निधीचे अर्ज, सगळं त्यांच्या हातात. त्यांच्याशी वाकडं घेऊन दोन महिन्यांचा प्रभार कोण सांभाळणार? त्यापेक्षा मान डोलावणं सोपं. मी लाच घेतली नाही. कुणाला अपशब्द बोलले नाही. उलट खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि इतकं सौजन्य दाखवल्यावर आपण चांगलंच वागलो याबद्दल मला शंकाही आली नाही. ती गोष्ट मी विसरूनही गेले.

'ऑफिस ऑफिस'मधला भाटिया, शुक्ला, पटेल लगेच ओळखू येतात. ते खातात, थुंकतात, मागतात. उषाजी मात्र कधी आरडाओरडा करत नाहीत. त्या फक्त दुजोरा देतात. "वही तो!" त्या दुजोऱ्याशिवाय बाकीच्यांचं चाललं असतं का? इतकी वर्षं ती मालिका बघताना मी उषाजींना सगळ्यांत जास्त हसत आले. का, ते आता कळलं.

मी त्याला म्हटलं, "बेटा, चूक माझी होती. मला करता आलं असतं. मी केलं नाही."

तो एकदम अवघडला. "जाऊ द्या न बाई. तुमी काहून मनाले लावून घेता? मी तं गंमत म्हून सांगतलं." थोडं थांबून म्हणाला, "पुढच्या सालीबी जाता आलं असतं. पन त्या साली बाबाले कर्ज झालं, मंग मी एका वायरमनच्या हाताखाली लागलो. शिकलोच ना." आणि मग, कुणालाही दोष न देता, जशी एखादी माहिती सांगावी तसं म्हणाला, "माह्यासंगचे दोघं आयटीआय करून बोर्डात लागले."

मी विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"बाबाले जाऊन आठ-नऊ वर्षं झाले, बाई."

तो उठला. ताट स्वतःच उचलून मोरीशी नेऊन ठेवायला निघाला, सूनबाईनं ते हातातून घेतलं. जाताना नेहमीसारखा वाकून पाया पडला. मला मागे सरकावंसं वाटलं.

त्यानंतर टीव्ही कुणी सुरू केला नाही. भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, एवढं मनाला लावून घेतलं तर आम्हाला तर उभं राहायलाच जागा उरणार नाही." ते विनोदानं म्हणाले की कसं, माहीत नाही. कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं मंडळी उठली.

आता कायदे बरेच झाले आहेत. २००५ साली महाराष्ट्रात दप्तरदिरंगाईविरुद्ध कायदा झाला. त्यानुसार कुणाही शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा आला. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची ते अधिसूचित करायचं, आणि विनाकारण उशीर केला तर दंड. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात तर शाळा बदलणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकानं किंवा प्रभारी व्यक्तीनं दाखला ताबडतोब द्यावा, उशीर केल्यास शिस्तभंगाची कारवाई, असं स्पष्ट लिहिलं आहे. तो कायदा आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे, म्हणजे या मुलाला तो तसाही लागू झाला नसता. पण 'प्रभारी व्यक्ती' हे शब्द मी त्या दिवाळीनंतर पुन्हा काढून वाचले आणि बराच वेळ त्याच ओळीवर थांबले. तेव्हा मी तीच तर होते.

कायदा दिवस मोजतो, आणि ते फार चांगलं आहे. पण "हो, तेही बरोबर आहे" असं म्हणून मान डोलावणाऱ्याला कुठल्या कलमाखाली धरणार? ते ज्याचं त्यालाच धरावं लागतं. आणि मुसद्दीलालसाठी हसताना ते सहज निसटतं. कारण टीव्हीसमोर बसलेला प्रत्येक जण त्या दोन तासांपुरता कचेरीबाहेर उभा असतो.

विनोदी मालिकांना मी नावं ठेवत नाही. उलट, त्या रात्री ती मालिका लागली नसती तर त्यानं ती गोष्ट मला कधीच सांगितली नसती. तीस-एकतीस वर्षं तो मला रस्त्यात भेटतो आहे, नमस्कार करतो आहे, आमचे पंखे दुरुस्त करतो आहे. सगळे हसत होते म्हणून त्यालाही बोलता आलं. गंभीर सभेत, भाषणात, सत्कारात ते कधी निघालं नसतं.

रात्री मला झोप लागेना. पाणी प्यायला उठले तर बैठकीत अंधारात नात मोबाइल घेऊन बसलेली.

"झोपली नाहीस?" मी विचारलं.

"झोपते. तीन जणांचे रजेचे अर्ज माझ्याकडे मंजुरीला पडले होते. आठवडा झाला. उद्या करू, परवा करू, असं चाललं होतं." ती स्क्रीनवर बोट टेकवत होती. "एकाला बहिणीकडे भाऊबीजेला जायचं होतं गं, आजी. नागपूरला. आता कळवलं तर त्याला सकाळची गाडी तरी मिळेल ना?"

मी म्हटलं, "मिळेल. लगेच कळव."